ज्वरमुक्त गृहस्थाचे टेकडीगमन

पुण्यासारख्या टेकड्यांच्या शहरात भाद्रपद सरून आश्विन लागण्याच्या सुमारास, म्हणजे पाऊस ओसरलेला असतो परंतु कुंड्यांखालच्या बशांत आणि गच्चीवर टाकून दिलेल्या डब्यांत साचलेले पाणी मात्र ओसरलेले नसते अशा काळात, एका विशिष्ट जातीचा गृहस्थ मोठ्या संख्येने दृष्टीस पडू लागतो. त्याचे वय पंचेचाळीस ते साठ यांच्या दरम्यान असते, गालफडे किंचित बसलेली असतात, विजारीची नाडी नेहमीपेक्षा चार बोटे अधिक ओढलेली असते आणि मनगटावर पावले मोजणारे घड्याळ असते. तो नुकताच डेंग्यूतून उठलेला असून आजारापूर्वीचा व्यायाम त्याला पुन्हा सुरू करावयाचा असतो. विवेचनाच्या सोयीसाठी त्यास पुनर्व्यायामी म्हणता येईल. व्यायामाच्या वाटेला कधीच न गेलेला मनुष्य आजारातून उठला म्हणजे नुसता बरा होतो आणि कामाला लागतो. पुनर्व्यायाम्याला तेवढ्याने समाधान नसते. त्याला पूर्वी होता तसा व्हावयाचे असते, आणि पूर्वी तो नेमका कसा होता याविषयी त्याच्याइतका बेभरवशाचा साक्षीदार दुसरा सापडणे कठीण असते.

त्याचे चरित्र नीट कळण्यासाठी प्रथम त्याच्या आजाराकडे पाहिले पाहिजे. डेंग्यू हा एडिस जातीच्या, दिवसाढवळ्या चावणाऱ्या डासांमार्फत पसरणारा विषाणुजन्य ताप असून त्यात हाडे मोडून निघाल्यागत अंग दुखते, डोळ्यांच्या खोबणीमागे कळा येतात आणि रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म कणांची संख्या घटते. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये हे कण साधारणपणे दीड ते साडेचार लाख असतात. हा आकडा लाखांत असल्यामुळे पुणेकरांस तो जवळचा वाटतो आणि भेटीस येणारा प्रत्येक जण रुग्णाकडे न पाहता तो आकडा, एखाद्या उपनगरातील जागेचा भाव विचारावा तसा, विचारून घेतो. ‘काल नव्वद होते, आज सत्तर,’ असे उत्तर मिळताच पाहुणा पपईच्या पानांचा रस, किवी आणि शेळीचे दूध ही त्रयी सुचवून मोकळा होतो. ताप उतरतो त्याच सुमारास हा आकडा तळाला जाण्याचा संभव असतो व म्हणून डॉक्टर त्या दिवसांत अधिक सावध असतात, ही गोष्ट मात्र कोणाला पटत नाही. ताप उतरला म्हणजे दुखणे संपले, अशी या समाजाची जुनी धारणा आहे आणि पुनर्व्यायामी तिचा कट्टर अनुयायी असतो.

रुग्णशय्येवर पडल्या पडल्या त्याच्या ठायी एक विलक्षण क्रिया घडू लागते. त्याचे स्नायू ज्या वेगाने झिजतात त्याच वेगाने त्याची स्मृती पुष्ट होत जाते. आजारापूर्वी हा गृहस्थ फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या हनुमान टेकडीवर आठवड्यातून तीन दिवस जात असे, आणि त्या तीन दिवसांतूनही पाऊस, पाहुणे, पितृपक्षातील जेवणे आणि आदल्या रात्रीचे जागरण यांची वजावट होत असे, ही वस्तुस्थिती त्याच्या कुटुंबास ठाऊक असते. आजाराच्या दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांशी बोलताना ते जाणे ‘जवळजवळ रोजचे’ होते, तिसऱ्या दिवशी कार्यालयातील सहकारी येतात तोवर ‘रोजचे’ होते, आणि सलाइन लागेपर्यंत त्यास दर रविवारच्या सिंहगडाची जोड मिळालेली असते. सिंहगडावर तो गेल्या वर्षभरात दोनदा गेलेला असतो, त्यांपैकी एकदा गाडीने थेट वरच्या वाहनतळापर्यंत, आणि दोन्ही वेळा पिठले-भाकरी व मडक्यातले दही यांच्यासमोर त्याने घालविलेला काळ चढण्यात घालविलेल्या काळापेक्षा अधिक होता. पण हे सर्व बोलणे खोटेपणातून येते असे मानणे अन्यायाचे होईल. त्याची तशी मनोमन खात्री झालेली असते. उशाशी बसलेली पत्नी यावर काही बोलत नाही. ती केवळ सफरचंद कापण्याची गती थोडी कमी करते.

अशा रीतीने आठवडाभरात एक बलदंड, नियमनिष्ठ, पहाटे साडेपाचला उठणारा पुरुष तयार होतो. तो प्रत्यक्षात कधी अस्तित्वात नव्हता, परंतु पुनर्व्यायाम्याची पुढील सर्व स्पर्धा त्याच्याशी असते.

या स्पर्धेत त्याचे स्वतःचे शरीर कोणत्या स्थितीत उतरते हे पाहणे उद्बोधक आहे. सतत पडून राहिल्याने पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रवभाग कमी होतो, त्यामुळे एकदम उभे राहिले की रक्तदाब घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते. हृदयास तेवढेच काम करण्यासाठी अधिक ठोके द्यावे लागतात. आणि गुरुत्वाकर्षणाविरुद्ध शरीर तोलून धरणारे मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू सर्वांत आधी उतरू लागतात. शास्त्रज्ञ यास क्षमताक्षय म्हणतात. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांस तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले, तेव्हा श्रमाच्या परमावधीस शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते याचे त्यांचे मान चतुर्थांशाहून अधिक घटले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी केली असता असे आढळले की, तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेची जेवढी हानी केली होती त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलेली हानी मोठी होती.

हा प्रयोग पुनर्व्यायाम्यापर्यंत व्हॉट्सॲपद्वारे पोहोचतो, आणि शाळेत गणिताला बरे गुण असल्यामुळे तो तत्काळ त्रैराशिक मांडतो: एकवीस दिवसांचे झोपणे म्हणजे तीस वर्षे, तर सहा दिवसांचे झोपणे म्हणजे किती? उत्तर साडेआठ वर्षांच्या आसपास येते. बावन्न वर्षांचा मनुष्य रुग्णालयाच्या खाटेवर साडेसाठ वर्षांचा झाल्याचे त्यास कळते आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सवलती त्याच हिशेबाने मागता येणार नाहीत याचे त्यास वाईट वाटते. त्या पाचही जणांस नंतर सुमारे दोन महिने पद्धतशीर व्यायाम दिल्यावर गेलेली क्षमता परत आली होती, हा प्रयोगाचा उत्तरार्ध त्या संदेशात नसतो. असला तरी ‘दोन महिने’ हे शब्द वाचण्याच्या मनःस्थितीत तो नसतो.

घड्याळाचे प्रकरण याहून नाजूक आहे. रोज दहा हजार पावले चालावीत हा दंडक वैद्यकशास्त्राच्या तपश्चर्येतून निघाला असावा अशी सर्वसाधारण समजूत आहे, परंतु त्याचे मूळ १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्रात आहे, ज्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. आकडा गोल, लक्षात राहण्याजोगा आणि यंत्र खपविणारा होता. पुनर्व्यायामी त्यास स्मृतिवचनाचा मान देतो. आजारापूर्वी त्याची सलग सत्तेचाळीस दिवसांची साखळी झालेली असते (तिच्यातील कित्येक दिवस रात्री अकरा वाजता दिवाणखान्यात येरझाऱ्या घालून पूर्ण केलेले असतात), आणि ती तुटू नये म्हणून तो एका हाताने सलाइनचा स्टँड ढकलीत रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या घालताना परिचारिकेच्या हाती सापडतो. परत खाटेवर आणल्यावर पांघरुणाखाली मनगट हलविण्याचा उद्योगही तो करून पाहतो. घड्याळ त्यास फसते. दीडशे पावले जमा होतात. सलाइनची सुई तेवढी हलते आणि हात सुजतो.

घरी आल्यावर परवानगीचा प्रश्न उपस्थित होतो. या बाबतीत प्राचीन शास्त्र अगदी निःसंदिग्ध आहे. चरकसंहितेच्या ज्वरचिकित्सेत असे सांगितले आहे की, ज्वरातून मुक्त झालेल्याने अंगात बळ येईपर्यंत व्यायाम, स्त्रीसंग, स्नान आणि फेरफटका या चारही गोष्टी टाळाव्यात. पुनर्व्यायाम्यास आयुर्वेदाचा मोठा अभिमान असल्यामुळे तो हे वचन साफ नाकारू शकत नाही. चारांपैकी स्नान तेवढे टाळण्यास तो लगेच राजी होतो. घरातील वृद्ध आई चरक न वाचताच तीच गोष्ट सांगते. ‘आधी अंगात जरा कस येऊ दे, मग नाच काय नाचायचंय ते,’ असे म्हणून ती मऊभातावर तुपाची धार धरते आणि मेतकुटाची वाटी पुढे सरकवते. फॅमिली डॉक्टर दोन आठवडे थांबण्यास सांगतात, कारण विषाणुजन्य तापात क्वचित हृदयाच्या स्नायूसही सूज येते आणि अशा वेळी जोराचे श्रम अंगाशी येऊ शकतात. डॉक्टरांचे म्हणणे पटले नाही म्हणून तो मेहुण्याच्या ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांस फोन करतो व प्रश्न अशा खुबीने विचारतो की उत्तरास फारसा वाव राहू नये: ‘थोडं घरातल्या घरात चाललं तर चालेल ना?’ चालेल, असे उत्तर येते. या होकाराच्या बळावर दुसऱ्या दिवशी पहाटे तो टेकडीच्या पायथ्याशी उभा असतो.

मधल्या तयारीचे वर्णन केल्याविना पुढे जाता येत नाही. पावसाळाभर पलंगाखाली पडून असलेल्या बुटांवर पांढरट-हिरवी बुरशी चढलेली असते व एका बुटात झुरळाने संसार मांडलेला असतो, म्हणून बूट नवे आणले जातात. बुटांस साजेसा टी-शर्ट येतो. विजार कमरेला सैल होऊ लागल्याचे पाहून तो प्रथम हर्षभरित होतो, कारण जे तीन किलो वजन तीन वर्षांच्या संकल्पांनी हलले नव्हते ते एका डासाने आठवड्यात घटविलेले असते. हे वजन बव्हंशी पाणी आणि स्नायू यांचे असते व पोटाचा घेर स्वस्थानी अढळ असतो, याकडे पत्नी त्याचे लक्ष वेधते. ‘अहो, पाय वाळलेत तुमचे, पोट नाही,’ एवढेच ती म्हणते. निदान म्हणून या वाक्यात दुरुस्ती करण्याजोगे काही नाही.

टेकडीच्या चढणीवर त्याची पहिली परीक्षा होते. श्रमाची पातळी मोजण्याचे अनेक मार्ग उपलब्ध आहेत. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी ६ ते २० अंकांची एक श्रेणी तयार केली. तीत श्रम करणाऱ्याने स्वतःस किती कष्ट पडत आहेत ते एका अंकाने सांगावयाचे असते, आणि त्या अंकाची दसपट साधारणपणे नाडीच्या ठोक्यांशी जुळते. ही पद्धती माणूस खरे सांगेल या गृहीतकावर उभी असल्याने पुनर्व्यायाम्याच्या बाबतीत निरुपयोगी ठरते. त्याचा चेहरा सतरा सांगत असतो आणि तोंड ‘काही नाही हो, आरामात,’ असे म्हणत असते. आयुर्वेदाने अर्धशक्तीची कसोटी सांगितली आहे, म्हणजे कपाळ, नाक व काखा यांवर घाम येऊन तोंडाने श्वास घ्यावा लागू लागला की आपली निम्मी शक्ती खर्च झाली असे समजून थांबावे. ही खूण त्यास पहिल्याच वळणावर, पायथ्याच्या चहाच्या टपरीचा धूर अद्याप दिसत असताना, प्राप्त होते. परंतु टपरी दिसत असेपर्यंत थांबणे त्याच्या पूर्वावतारास शोभणारे नसल्याने तो पुढे जातो. तिसरी कसोटी बोलण्याची: चालताना सलग बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत श्रम मध्यम समजावेत. ही कसोटी बहुधा मितभाषी देशात निघाली असावी. पुण्याच्या टेकड्यांवर बोलण्याचा श्वासाशी असलेला संबंध फार पूर्वीच तुटलेला आहे आणि निम्मा प्राणवायू शिल्लक असलेला मनुष्यही महानगरपालिकेवर पूर्ण वाक्यात टीका करू शकतो.

वाटेत त्याचा नेहमीचा कंपू भेटतो. या कंपूत एक निवृत्त बँक अधिकारी, दोन अभियंते, एक होमिओपॅथ आणि ज्यांचा व्यवसाय कोणालाच ठाऊक नाही असे एक गृहस्थ असतात. ‘अरे, घाई करू नका हं मुळीच,’ असे म्हणणारे तोंडच पुढच्या श्वासाला ‘पण सवय मोडली की मोडली’ असेही म्हणते, आणि पुनर्व्यायामी या दोन उपदेशांतून आपल्या सोयीचा उचलतो. कंपूतील प्रत्येकास कधी ना कधी काही तरी झालेले असते व ते आताच्या दुखण्यापेक्षा भारी होते. एकास २००६ च्या साथीत चिकुनगुन्या झालेला असतो आणि त्याच्या सांध्यांच्या आठवणीपुढे डेंग्यूचे काही चालत नाही. ज्येष्ठ सदस्य याहून मागे जातात: औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रचार केला त्या पिढीत वाढलेले आपले वडील विषमज्वरातून उठून पंधराव्या दिवशी नमस्कार घालू लागले होते, असे ते सांगतात. बारा नमस्कारांचे एक आवर्तन घालतानाही ज्यास मध्ये पाणी प्यावे लागे, तो पुनर्व्यायामी हे ऐकून महाविद्यालयात असताना रथसप्तमीला घातलेल्या आपल्या एकशे आठ नमस्कारांचा उल्लेख करतो. त्यांचा साक्षीदार सध्या न्यू जर्सीत असतो.

त्या दिवशी तो मारुतीच्या देवळापर्यंत जातो, हे मान्य केलेच पाहिजे. वर जाऊन बराच वेळ तो पाठमोरा उभा राहून शहराचे निरीक्षण करतो. चेहऱ्याचा रंग परत येईपर्यंत निसर्गप्रेमाचा आश्रय घेण्याची ही रीत सर्व टेकड्यांवर रूढ आहे. खरा हिशेब उतरताना होतो. उतारावर मांडीच्या स्नायूंस ताणले जात असतानाच आवळून धरावे लागते, त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात आणि त्यांची वेदना लगेच न कळता एक-दोन दिवसांनी भर गाठते. परिणामी पुनर्व्यायामी पहिल्या दिवशी विजयी असतो, दुसऱ्या दिवशी चिंताग्रस्त असतो आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणावर असतो. मग आठवडाभर मऊभात, आठवड्याच्या शेवटी बरे वाटणे, आणि बरे वाटताच तोच उत्साह, तीच टेकडी, तोच उतार. ये रे माझ्या मागल्या. आज झेपेल त्याहून थोडे कमी करावे आणि दर आठवड्यास थोडेसेच वाढवावे, हा सर्व वैद्यांचा एकमुखी सल्ला त्यास शब्दशः पाठ असतो. कंपूतील दुसरा कोणी आजारी पडला म्हणजे तो तो उत्तम रीतीने समजावून सांगतो.

या व्यक्तिविशेषाचे स्त्रीरूप क्वचितच आढळते, आणि त्याचे कारण शारीरिक नाही. त्याच घरातील, त्याच कुंडीखालच्या बशीतल्या डासाने चावलेली गृहिणी ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी कुकर लावते, चौथ्या दिवशी स्टुलावर चढून माळ्यावरून दिवाळीचे डबे काढते आणि पाचव्या दिवशी चकलीची भाजणी दळून आणण्यासाठी गिरणीचा जिना दोनदा चढते. या श्रमांस व्यायाम हे नाव नसल्यामुळे ते पुन्हा सुरू करण्यास कोणाची परवानगी लागत नाही, त्यांची साखळी तुटली म्हणून कोणी हळहळत नाही, आणि तिच्या प्लेटलेट्स शेवटी किती झाल्या हे घरात फक्त सासूला आठवते. पुनर्व्यायामी तिला प्रेमाने ‘तूही टेकडीवर येत जा, अंगात तरतरी येते,’ असे सुचवीत असतो.

दिवाळी होते. फराळाने गेलेल्या तीन किलोंपैकी दोन परत येतात आणि सकाळच्या हवेत थंडी उतरते. अशाच एका सकाळी बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्यावरून कंपूत वाद पेटतो. रस्ता झाल्यास टेकडीचा लचका तुटणार, असे एक पक्ष म्हणतो; न झाल्यास विधी महाविद्यालय रस्त्यावरची कोंडी कधीच सुटणार नाही, असे दुसरा म्हणतो; पुनर्व्यायामी दोन्ही पक्षांना मूर्ख ठरवीत, कुठेही न थांबता, झाडाला न टेकता, संपूर्ण चढण बोलत बोलत पार करतो आणि देवळापाशी पोहोचल्यावरही त्याचे वाक्य संपलेले नसते. दीड महिना ज्याची वाट पाहिली ते घडलेले असते. हे त्याच्या ध्यानी येते ते मनगटाकडे पाहिल्यावर, आणि मनगटावर घड्याळ नसते. ते घरी चार्जिंगला लावलेले असते.

त्याच्या मुद्रेवरील भाव त्या क्षणी तापाच्या चौथ्या दिवसापेक्षाही केविलवाणा असतो. ‘अहो, आम्ही पाहिलं ना सगळ्यांनी, एका दमात आलात,’ असे बँक अधिकारी म्हणतात. परंतु मानवी स्मृतीवर किती विश्वास ठेवावा याविषयी पुनर्व्यायाम्याची मते आता फार कडक झालेली असतात. नोंद नसलेली चढण तो चढण मानू शकत नाही. म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी, पूर्ण चार्ज झालेले घड्याळ बांधून, तो ती टेकडी पुन्हा एकदा चढतो व उतरतो. एका दिवसात दोन उतार झाल्याने तिसऱ्या दिवशी सकाळी, सोसायटीची लिफ्ट नेमकी बंद असताना, तो तीन मजले कठडा धरून उलट्या पावलांनी उतरत असतो. आणि वर येणाऱ्या शेजाऱ्यांनी चौकशी केल्यावर सांगतो, की या डेंग्यूचा अशक्तपणा म्हणजे फार वाईट, जाता जात नाही.